कॉलेजचं बिदर आणि सीमेवरची मराठी पोरं

कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यातल्या खटकचिंचोळीसारख्या गावांत दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच खल चालतो. पोराला भालकीतच घालायचं, बिदरला ठेवायचं, की सरळ लातूर-उदगीर गाठायचं? लातूर पॅटर्नचा दबदबा सीमेअलीकडेही आहेच. पण अलीकडे बिदरचं पारडं जड होत चाललं आहे.

त्यात नवल नाही. बहमनी वजीर महमूद गवान याने 1472 च्या सुमारास बांधलेला मदरसा आजही भर वस्तीत उभा आहे. शिकायला बिदरला यायचं, हा रिवाज इतका जुना. आताच्या काळात 1980 साली गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय आलं, पाठोपाठ 1982 मध्ये भालकीचं. पुढे पशुवैद्यकीय विद्यापीठ, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि 2023 मध्ये भालकी तालुक्यातल्या हालहळ्ळीला बिदर विद्यापीठ. अब्दुल कदीर यांनी 1989 मध्ये हातावर मोजण्याइतक्या मुलांना घेऊन सुरू केलेली शाहीन संस्था तर आज नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी देशभर ठाऊक आहे.

किल्ला आणि बिदरी कलाकुसर ही शहराची बाहेरची ओळख. बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा जिल्ह्याला आनंद झाला. पण रोजचा पैसा खेळता ठेवतात ती बाहेरगावची पोरं. त्यांच्यामुळे वरच्या मजल्यावरच्या खोल्या भाड्याने जातात, झेरॉक्सची दुकानं चालतात, मेस चालवणाऱ्या बायकांच्या घरची चूल पेटते. डब्यात ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी. मालकीण कन्नडमध्ये हिशेब सांगते, रिक्षावाला दखनीत भाडं ठरवतो, आणि पोरगा गावाकडे फोन लावतो तो मराठीत. तिन्ही भाषा एकाच पोराच्या तोंडी असतात. कॉलेजात कुणी शिकवलं नाही असं हे शहाणपण आहे, आणि त्याची कदर व्हायला हवी.

मुलींच्या बाबतीत तर बसच अर्धा निर्णय घेते. जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या मुली-बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकिटाचे पैसे लागत नाहीत. गावातून भालकी किंवा बिदर फुकट, लातूरला मात्र पैसे मोजायचे. त्यामुळे लेकीला दूर ठेवायला कचरणारा बाप निदान रोज ये-जा करू द्यायला तयार होतो. एका सवलतीने एवढं साधतं, तर कॉलेज सुटण्याच्या वेळेला धरून गाड्या सोडल्या तर किती साधेल!

खरी अडचण पुढे आहे. बिदर जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत आणि एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षाही मराठीतून देता येते. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतलं की मात्र सगळा कारभार इंग्रजीत. पहिले काही महिने हुशार पोरगंही वर्गात मुकं होऊन बसतं. प्रकाशसंश्लेषण त्याला नीट समजलेलं असतं, पण ‘फोटोसिंथेसिस’ विचारलं की ते मान खाली घालतं.

त्यावर कळस म्हणजे नीट. ही परीक्षा 13 भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. पण मराठी प्रश्नपत्रिका नियमाने फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. उर्दूची देशभर मिळते, कन्नडची कर्नाटकात. म्हणजे भालकीच्या पोराने बिदरला परीक्षा दिली तर त्याला मायबोलीतली प्रश्नपत्रिका नाही, आणि हवीच असेल तर सीमा ओलांडून केंद्र घ्यायचं. एका जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांवर हा अन्यायच आहे. बिदर, बेळगाव आणि कलबुर्गीच्या केंद्रांवर मराठी प्रश्नपत्रिका द्यायला नवी छपाईसुद्धा लागणार नाही. ती छापलेली असतेच.

सीमावादाची भांडणं न्यायालयात चालू द्यावीत. महाराष्ट्र सरकार या वादातल्या 865 गावांच्या मराठी मुलांसाठी आपल्या व्यावसायिक महाविद्यालयांत काही जागा राखतं, ही चांगली गोष्ट. पण प्रवेशापर्यंत पोचायला आधी अकरावी निभवावी लागते. पीयूसीच्या सुरुवातीला मराठी-इंग्रजी शब्दांची ओळख करून देणारा महिना-दीड महिन्याचा वर्ग बिदर-भालकीच्या कॉलेजांनी घ्यावा, आणि हालहळ्ळीच्या नव्या विद्यापीठाने त्यासाठी तिन्ही भाषा जाणणारे शिक्षक तयार करावेत. असे शिक्षक शोधायला दूर जावं लागणार नाही. पीयूसीच्या इंग्रजी वर्गांतून ठेचा खात शिकलेली माणसं तालुक्यातालुक्यांत नोकरी करत आहेत.