मराठीसाठी कुठे टिचकी मारायची?



आजचा लेख वाचण्याआधी एक छोटंसं काम करा. पाकिटातून शंभराची नोट काढा आणि तिच्या मागच्या बाजूची भाषांची पट्टी बघा. एकाखाली एक पंधरा भाषांमध्ये तीच रक्कम लिहिलेली आहे. त्यात कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत या चार ओळी देवनागरीत आहेत. तरीही ‘शंभर रुपये’ ही आपली ओळ शोधायला तुम्हाला क्षणभरही लागला नसेल. ‘ही ओळ मराठी आहे’ असं शेजारी इंग्रजीत लिहावं लागलेलं नाही.

आपल्या हैदराबादला ही युक्ती फार जुनी आहे. निजामाच्या राज्यात १९१८ साली कागदी चलनाचा कायदा झाला आणि हैदराबाद संस्थानाच्या स्वतःच्या नोटा निघाल्या. त्या नोटांवर उर्दूच्या जोडीला इंग्रजी, तेलुगू, मराठी आणि कन्नड अशा भाषांतही रक्कम लिहिलेली असे. राज्यकारभार उर्दूत चालायचा, पण औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या बाजारात ती नोट चालायची तर तिथल्या माणसाला ती वाचता यायला हवी, एवढं साधं व्यवहारज्ञान त्यामागे होतं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि इथे राहिलेले आपण ‘इतर भाषिक’ झालो. गरज मात्र संपलेली नाही, ती आता नोटेवरून पडद्यावर आली आहे.

तुमच्यापैकी कितीतरी जण माधापूर-गच्चीबावलीच्या कचेऱ्यांत बसून वेबसाइटी आणि ॲप बनवता. तेव्हा आज बोलायचं आहे ते वेबसाइटच्या कोपऱ्यातल्या एका लहानशा गोष्टीबद्दल, भाषा निवडायच्या यादीबद्दल. ही यादी बहुतेक वेळा सगळं काम संपल्यावर, शेवटच्या दिवशी कुठेतरी डकवली जाते. जिच्यावाचून एखाद्याला पुढचं काहीच वापरता येत नाही, ती गोष्ट शेवटी डकवायची असते का?

आमच्या घरातलंच उदाहरण सांगते. माझ्या सासूबाई उदगीरच्या. लग्न होऊन काचीगुड्याला आल्या त्याला आता पन्नास वर्षं होतील. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी त्यांचं तेलुगू फर्डं आहे, पण वाचता येतं फक्त मराठी, आणि थोडंफार हिंदी. मध्यंतरी त्यांना एका रुग्णालयाच्या ॲपवरून डॉक्टरांची वेळ घ्यायची होती. ॲपने फोन हैदराबादेत आहे हे ओळखलं आणि स्वतःहून तेलुगूत उघडलं. मी कामावर होते. घरात होता आठवीतला नातू, त्याला शाळेमुळे तेलुगू वाचता येतं.

“आजी, दे इकडे, मी भरतो. कोणत्या डॉक्टरकडे जायचंय?”

“राहू दे रे. नंतर बघू.”

संध्याकाळी मी विचारलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “अगं, बायकांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. त्या पोराला काय सांगू?”

पंधरा दिवस त्यांनी ते दुखणं तसंच अंगावर काढलं. त्या ॲपमध्ये मराठी होती, बरं का! तीन आडव्या रेघांच्या आत, सेटिंग्जच्या आत, तेलुगू लिपीत ‘भाष’ असा शब्द होता, आणि त्याच्या आत मराठी. तेलुगूतला हा शब्द कानाला आपलाच वाटतो, पण डोळ्यांना परका. कुणी मोठ्याने वाचून दाखवला असता, तर आईंनी लगेच ओळखला असता.

या प्रसंगातून मला जे समजलं ते एका वाक्यात सांगते. भाषेची यादी ही ज्याला समोरचं पान वाचता येत नाही त्याच्यासाठी असते. ज्याला वाचता येतं त्याला तिची गरजच नसते. हे एकदा लक्षात आलं की बाकीचे नियम आपोआप सुचत जातात.

पहिला नियम नोटेवरचाच. प्रत्येक भाषेचं नाव त्याच भाषेत आणि त्याच लिपीत लिहा. ‘मराठी’ हे ‘मराठी’ असंच दिसायला हवं, रोमन अक्षरांत नव्हे. तेलुगू तेलुगूच्या लिपीत, उर्दू उर्दूच्या. मराठीच्या जागी तेलुगू लिपीतलं ‘मराठी’ लिहिणं तर त्याहून वाईट. कारण ते वाचू शकणारा माणूस मराठी शोधत नसतो, आणि मराठी शोधणाऱ्याला ते वाचता येत नाही. आधारच्या संकेतस्थळाने ही पद्धत चांगली वापरली आहे. तिथे दारातच भाषा विचारतात आणि प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत उभी असते.

दुसरा नियम म्हणजे झेंडे लावू नका. झेंडा देशाचा असतो, भाषेचा नसतो. मराठीला कुठला झेंडा लावणार? तिरंगा लावला तर तेलुगू, हिंदी, तमिळने काय करायचं? उर्दूच्या शेजारी शेजारच्या देशाचा झेंडा लावला, तर ज्या तेलंगणात उर्दू २०१७ पासून राज्यभर दुसरी राजभाषा आहे, तिथल्या माणसाला आपण परकं ठरवलं. यात एक तांत्रिक गंमतही आहे. आंतरराष्ट्रीय भाषासंकेतांत मराठीचं लघुरूप ‘एमआर’ आहे. देशांच्या संकेतांत मात्र हीच दोन अक्षरं आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशाची आहेत. म्हणजे भाषेच्या संकेतावरून आपोआप झेंडा लावणारा प्रोग्रॅम लिहिलात, तर मराठीवर मॉरिटानियाचा झेंडा फडकेल. त्याच हिशेबाने बंगालीला ब्रुनेईचा मिळेल, पंजाबीला पनामाचा आणि मल्याळमला मालीचा!

तिसरा नियम आपल्यासारख्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा. माणूस कुठे आहे यावरून त्याची भाषा ठरवू नका. आमच्या घरात एकच वायफाय आहे. सासूबाईंना मराठी हवी असते, नवरा सगळं इंग्रजीत करतो, मुलगा मराठी छान बोलतो पण वाचताना अडखळतो, आणि कामाला येणाऱ्या बाई तेलुगूत संदेश वाचतात. यातल्या कुठल्या भाषेला ‘या पत्त्याची भाषा’ म्हणाल? बोलण्याची, वाचण्याची आणि टाइप करण्याची भाषा एकाच माणसाच्या बाबतीतही वेगवेगळी असू शकते. हैदराबादच्या मराठी घरांना हे सांगायची गरज नाही.

मग वेबसाइटने ओळखायचं कसं? त्याची सोय आधीपासून आहे. ब्राउझर कुठलंही पान मागताना सोबत एक चिठ्ठी पाठवतो. ‘या माणसाला आधी मराठी चालेल, नसेल तर हिंदी, तेही नसेल तर इंग्रजी’, अशा अर्थाची. वेबसाइटने ती वाचावी आणि त्याप्रमाणे सुरुवात करावी. पण तीही शेवटी सूचनाच. फोन दुसऱ्याचा असू शकतो, किंवा दुकानदाराने भाषा लावून दिलेली असू शकते. म्हणून क्रम असा धरा: माणसाने स्वतः निवडलेली भाषा सर्वांत आधी, मग ब्राउझरची चिठ्ठी, आणि दोन्ही नसतील तरच ठिकाणाचा अंदाज. एकदा निवडलेली भाषा लक्षातही ठेवा. दर वेळी नव्याने ‘आपण कोण?’ विचारणाऱ्या पाहुण्याकडे कोण पुन्हा जाईल?

चौथा मुद्दा जागेचा. यादी पानाच्या वरच्या बाजूला, न शोधता दिसेल अशी हवी. नुसतं पृथ्वीगोलाचं चित्र काढून भागत नाही. पृथ्वीचा गोल म्हणजे भाषा, हे ठाऊक असलेल्यांनाच ठाऊक असतं. तीन-चारच भाषा असतील तर त्या लपवूच नका, ओळीने लिहून टाका. आपल्याकडच्या एटीएमवर नाही का तेलुगू, हिंदी, इंग्रजी अशी तीन बटणं सुरुवातीलाच येतात?

भाषा खूप असतील तर काय करायचं, हे विकिपीडियाकडून शिकावं. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया तिथल्या तीनशेहून अधिक भाषांपैकी एक. एवढ्या मोठ्या यादीत तुमच्या उपयोगाच्या असतील असं वाटणाऱ्या काही भाषा आधी दाखवल्या जातात, आणि शोधायला चौकटही असते. त्या चौकटीत तुम्ही देवनागरीत ‘मराठी’ लिहा किंवा रोमन अक्षरांत लिहा, दोन्ही चालतं. ही सोय मोलाची आहे, कारण मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर मराठी कळफलक असतोच असं नाही. शिवाय वेगवेगळ्या लिप्यांतल्या नावांना एकच वर्णक्रम लावता येत नाही. नोटेवरचा क्रमही इंग्रजी नावांच्या ए-बी-सी-डीचा आहे, त्यामुळे पंधरांत आठवी मराठी बरोबर मधोमध येते. पंधरा ओळींत तो क्रम खपून जातो, तीनशेंत नाही.

आता आतल्या गोष्टी. भाषा बदलली की माणूस होता त्याच पानावर राहायला हवा. अर्धा अर्ज भरून झाल्यावर मराठी निवडली आणि थेट मुख्यपानावर फेकलं गेलं, तर पुन्हा कुणी ते धाडस करणार नाही. पानाच्या कोडमध्येही भाषेचा संकेत बरोबर लिहा. दृष्टिहीन माणसाचं वाचक सॉफ्टवेअर त्यावरूनच आवाज निवडतं. तो नसला तर मराठी मजकूर भलत्याच भाषेच्या आवाजात वाचला जातो. आणि भाषांतर केल्यावर मराठी माणसाला एकदा वाचायला द्या. एका पानावर मी डॉक्टरांची वेळ घ्यायच्या बटणावर ‘पुस्तक’ लिहिलेलं पाहिलं आहे. इंग्रजीतला ‘बुक’ हा शब्द यंत्राने इमानेइतबारे मराठीत आणला होता!

भाषांतराची यंत्रं आता सुधारत आहेत. २०२२च्या जुलैत केंद्र सरकारने ‘भाषिणी’ सुरू केली, आणि भारतीय भाषांच्या यंत्रानुवादावर आपल्या गच्चीबावलीतल्या ट्रिपल आयटीतही वर्षानुवर्षं काम चालू आहे. म्हणजे मजकूर मराठीत आणणं दिवसेंदिवस सोपं होत जाईल. पण आणलेली मराठी जिथे दिसत नाही तिथे ती असून नसल्यासारखी.

तुमच्यातला एखादा म्हणेल, “ताई, आमच्या कंपनीत आकडे बघतात. मराठीवर कुणी टिचकीच मारत नाही, मग ती ठेवायची कशाला?” प्रश्न रास्त आहे, पण तो उलटा करून बघा. यादी तीन पडद्यांच्या आत लपवली म्हणून कुणाला सापडली नाही. सापडली नाही म्हणून कुणी वापरली नाही. आणि वापरली नाही म्हणून आता काढून टाकायची. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक होते. हिंदी आणि बंगालीच्या पाठोपाठ मराठीचा क्रम तिसरा आणि तेलुगूचा चौथा. एवढी माणसं असून टिचक्या पडत नसतील तर दोष माणसांचा की दाराचा, हे आधी तपासायला हवं.

थोडं आपल्याकडेही येतं. आपण सगळ्यांनी फोन इंग्रजीत ठेवायचे, चिठ्ठीत मराठीचं नावही घालायचं नाही, आणि मग मराठी कुठेच का दिसत नाही म्हणून मंडळाच्या कट्ट्यावर हळहळायचं, हे काही बरोबर नाही. फोन पूर्ण मराठीत करा असा माझा आग्रह नाही. अँड्रॉइडच्या २०१६ सालच्या सातव्या आवृत्तीपासून सेटिंग्जमध्ये एकाहून अधिक भाषा क्रमाने लावता येतात. इंग्रजी पहिली राहू द्या, मराठी दुसरी जोडा. संगणकावरच्या ब्राउझरच्या सेटिंग्जमध्येही तेच करा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि जे स्वतः वेबसाइटी बनवतात त्यांच्यासाठी या महिन्याचा गृहपाठ. तुम्ही बनवलेलं पान तुम्हाला अजिबात वाचता येत नाही अशा भाषेत लावा, समजा ओडियात किंवा गुरुमुखीतल्या पंजाबीत. मग फोन शेजाऱ्याकडे द्या, पाच मिनिटांनी परत घ्या, आणि बटणाची जागा आठवून नव्हे तर फक्त डोळ्यांना दिसेल त्यावरून मराठीत परत येऊन दाखवा. जमलं तर तुमची यादी बरी आहे. नाही जमलं तर दुरुस्ती कुठे करायची हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

आपल्या मंडळाच्या संकेतस्थळावरही हा प्रयोग करून बघा आणि जे सापडेल ते मला कळवा. चांगलं असेल तेही, नसेल तेही. पुढच्या महिन्यात भेटू.