तण मेलं नाही? डोस वाढवण्याआधी पाणी तपासा

उसात तणनाशक मारून आठ-दहा दिवस होतात. चांदवेल थोडी पिवळी पडते आणि पुन्हा हिरवीगार होते. अशा वेळी गावात दोनच निष्कर्ष निघतात. एक तर औषध डुप्लिकेट होतं, नाहीतर डोस कमी पडला. मग पुढच्या पंपात दीडपट औषध जातं आणि खर्च वाढतो. तिसरी शक्यता क्वचितच कुणी तपासतं. ती म्हणजे औषध ज्या पाण्यात कालवलं, ते पाणी.

सोलापूर, अहिल्यानगर, धाराशिव, बीड या पट्ट्यातल्या अनेक बोअर आणि विहिरींचं पाणी जड आहे. अंघोळीला साबणाचा फेस होत नाही, पाणी तापवायच्या हिटरवर पांढरा थर चढतो, डाळ शिजायला वेळ लागतो. ही सगळी पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांची करामत. तेच पाणी फवारणीच्या टाकीत गेलं की क्षार औषधाशी भांडण काढतात.

नेमकं काय बिघडतं?

टू-फोर-डीचं अमाइन सॉल्ट किंवा ग्लायफोसेट पाण्यात विरघळलं की त्याच्या कणांवर ऋण भार येतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह यांच्यावर धन भार असतो. दोघं एकमेकांना चिकटतात. तयार झालेलं संयुग तणाच्या पानात नीट शिरत नाही. टू-फोर-डी अमाइनच्या बाबतीत तर कधीकधी पांढरा साका बसतो आणि नोझल तुंबतं. औषध अस्सल आहे, माप बरोबर आहे, तरी पानात पोहोचणारा हिस्सा घटतो.

आकडा काढून पाहिला की गोष्ट स्पष्ट होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर ६०० च्या पाण्यातून १२० ग्रॅम चुनखडीइतके क्षार टाकीत जातात. २०० च्या पाण्यातून जातात ४० ग्रॅम. म्हणजे दोन शेजाऱ्यांनी एकाच बाटलीतलं औषध मारलं, तरी निकाल वेगळा येऊ शकतो.

ग्लायफोसेटवर या विषयाचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे, म्हणून त्याचं उदाहरण दिलं जातं. मात्र भारतात त्याची मान्यता चहाचे मळे आणि बिगरपीक जमिनीपुरतीच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या आदेशात तर फवारणी फक्त परवानाधारक कीड नियंत्रण चालकांमार्फतच करण्याची अट घातली आहे. उभ्या पिकात ते मारणं नियमात बसत नाही.

पंपातली खिचडी

तण मरत नाही म्हटलं की घरगुती उपाय सुरू होतात. कुणी मूठभर मीठ टाकतं, कुणी युरिया, कुणी कपडे धुण्याची पावडर, कुणी शाम्पूची पुडी. मिठाने कॅल्शियम हटत नाही. साबण जड पाण्यात स्वतःच फाटतो. धुण्याच्या पावडरीतल्या सोड्याने पाणी आणखी अल्कधर्मी होतं. युरियाने औषध शोषायला थोडी मदत होऊ शकते, पण क्षार बांधून ठेवणारं सल्फेट त्यात नाही.

ते काम करतं अमोनियम सल्फेट, म्हणजे दुकानात मिळणारं साधं खत. त्यातलं सल्फेट कॅल्शियमला अडकवून ठेवतं आणि अमोनियम औषधाला पानात शिरायला मदत करतं. अशा क्षार स्वरूपातल्या तणनाशकांसाठी सर्वसाधारण प्रमाण लिटरला १० ते २० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५० ते ३०० ग्रॅम. क्रम मात्र महत्त्वाचा. टाकी अर्धी भरायची, खत विरघळवून आणि गाळून आधी टाकायचं, नंतर तणनाशक, शेवटी लेबलवर सांगितलं असेल तरच स्टिकर. औषध आधी पडलं तर कॅल्शियम तोवर त्याला धरून बसलेलं असतं.

पण हा उपाय सरसकट नाही. ॲट्राझिनसारख्या औषधाला जड पाण्याचा तसा फटका बसत नाही. ते जमिनीतून काम करतं, त्याला वाफसा लागतो. शिवाय जे द्रव्य तणाच्या पानात औषध जास्त घुसवतं, ते पिकाच्या पानातही घुसवू शकतं. उभ्या पिकात पानं करपण्याचा धोका असतो. म्हणून लेबल आणि कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला, दोन्ही पाहूनच निर्णय घ्यावा.

‘पीएच बॅलन्सर’चं काय?

दुकानात या नावाने बाटल्या विकल्या जातात. पीएच खाली आणला म्हणजे पाणी मऊ झालं, असा समज आहे. तो चुकीचा आहे. आम्ल टाकून पीएच उतरतो, पण कॅल्शियम टाकीतच राहतं. मेटसल्फ्युरॉन मिथाइलसारखी तणनाशकं तर आम्लधर्मी पाण्यात कमी विरघळतात आणि मिश्रण पडून राहिलं तर त्यांचं विघटन होतं. बाटलीत नेमकं काय आहे आणि कोणत्या औषधासाठी आहे, हे दुकानदाराला विचारलंच पाहिजे.

कालव्याचं किंवा शेततळ्याचं पाणी तुलनेने मऊ असलं तरी गढूळ असेल तर वेगळी अडचण येते. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट मातीच्या कणांना घट्ट चिकटतात आणि निकामी होतात. तिथे खत टाकून उपयोग नाही, पाणी निवळू द्यावं लागतं.

तक्रार कुठे अडते?

तण मेलं नाही म्हणून तक्रार झाली आणि नमुना प्रयोगशाळेत गेला, तर तिथे औषधातल्या मूळ घटकाचं प्रमाण तपासलं जातं. शेतकऱ्याच्या विहिरीचं पाणी कुणी तपासत नाही. नमुना पास होतो, दुकानदार सुटतो, कंपनी सुटते, तण रानात तसंच उभं राहतं. वारंवार अर्धवट मार बसल्याने तणांमध्ये प्रतिकारशक्ती वाढण्याचा धोकाही असतो. वाढवलेल्या डोसची झळ मात्र फवारणाऱ्या मजुराला आणि शेजारच्या रानाला बसते. टू-फोर-डीचा फवारा वाऱ्याने कपाशीवर किंवा द्राक्षावर गेला की काय होतं, हे बागायतदारांना वेगळं सांगायला नको.

पाण्याची तपासणी कृषी विज्ञान केंद्र किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. नुसता पीएच आणि ईसी घेऊन परत येऊ नये, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि एकूण कठीणपणा मागून घ्यावा. नवीन मिश्रण करायचं असेल तर हातमोजे घालून पारदर्शक बाटलीत त्याच प्रमाणात थोडं कालवून अर्धा तास ठेवावं. साका बसला, गुठळ्या झाल्या, तर ते पंपात भरू नये.

मजूर मिळत नाहीत, खुरपणी परवडत नाही, म्हणून तणनाशकाचा वापर कमी होण्याची चिन्हं नाहीत. माती परीक्षणाची पत्रिका आता अनेक घरांत आहे. तिच्या शेजारी विहिरीच्या पाण्याचा एक कागद असला, तर दुसरी बाटली आणण्याआधी शेतकऱ्याला पहिली का वाया गेली, याचं उत्तर मिळेल.