किराण्याचं काउंटर सोडून बर्गरच्या काउंटरवर जायचं का?

भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये सध्या एक प्रश्न वारंवार कानावर येतो. बारावी किंवा पदवी झालेला मुलगा शहरातल्या किराणा दुकानात चार-साडेचार वर्षांपासून काम करतो. सकाळी शटर उघडण्यापासून रात्री हिशेब जुळेपर्यंत तो तिथेच असतो. अशात नागपुरातल्या एखाद्या पिझ्झा-बर्गरच्या साखळी दुकानात गेलेल्या मित्राचा फोन येतो. पगार जास्त आहे, गणवेश आहे, आठवड्याची सुट्टी आहे, ये म्हणतो.

गेल्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर एका तरुणाने विहारात हाच प्रश्न आमच्यासमोर ठेवला. एक वडीलधारे लगेच म्हणाले, "लागलं काम सोडू नोको बाबू." त्याचे मित्र म्हणाले, "किती दिवस पोती उचलत राहतोस, चल." आम्हाला दोन्ही उत्तरे अपुरी वाटली. कारण कोणत्या नोकरीत त्याचे नाव कागदावर येते, हे दोघांपैकी कोणीच विचारले नाही. आमच्या मते पहिला प्रश्न तोच आहे.

हा एकट्या मुलाचा प्रश्न नाही

भंडारा हा धानाचा जिल्हा. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा वाहन कारखाना, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी ही इथल्या मोठ्या रोजगाराची ठिकाणे. पण तिथली कायम नोकरी मिळणाऱ्यांची संख्या थोडी. उरलेल्या मुलामुलींच्या वाट्याला येते दुकान, हॉटेल, पेट्रोल पंप आणि डिलिव्हरी. या कामांना आपण "तोपर्यंत करायचं काम" म्हणतो. भरतीची जाहिरात येईपर्यंत, निकाल लागेपर्यंत. पण हा "तोपर्यंत" बघता बघता सात-आठ वर्षांचा होतो. म्हणून या नोकऱ्यांकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे.

पगाराचा आकडा आणि खरा हिशेब

उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा, किराणा दुकानात महिना ९,००० रुपये मिळतात. रोज ११ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे २८६ तास. तासाला साधारण ३१ रुपये पडले. समजा, नागपुरातल्या फास्ट फूडच्या दुकानात १३,००० रुपये आहेत. रोज ९ तास, २६ दिवस, म्हणजे २३४ तास. तासाला साधारण ५५ रुपये. इथपर्यंत मित्राचे म्हणणे बरोबर आहे.

आता पुढचा हिशेब करू. १३,००० पैकी भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, म्हणजे १,५६० रुपये कापले जातील. राज्य विमा योजनेचे, म्हणजे ईएसआयचे, पाऊण टक्का, साधारण ९८ रुपये. हातात ११,३४२ आले. नागपुरात वाटून घेतलेली खोली, जेवण आणि येणे-जाणे यांचे ६,००० धरले तर उरतात ५,३४२. भंडाऱ्यात घरी राहून, आईच्या हातचे जेवून मिळणारे ९,००० यापेक्षा जास्त दिसतात. पहिल्या दोन महिन्यांत अनेक मुले परत येतात, त्यामागे हेच गणित असते.

पण हिशेब इथे थांबवला तर तोही अर्धवट राहील. कापलेले १,५६० रुपये बुडत नाहीत. मालकालाही तेवढीच रक्कम भरावी लागते. त्यातला एक भाग पेन्शन योजनेत जातो, आणि दहा वर्षांची नोंद झाली की पेन्शनचा हक्क तयार होतो. ईएसआयमध्ये मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यातून कामगारावर आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांवर उपचार होतात. अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. घरातल्या एका ऑपरेशनने कर्जात बुडालेली कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. महिन्याचे ९८ रुपये त्यापुढे काहीच नाहीत.

बिडीच्या कार्डाने काय शिकवले

हे आपल्याला नवे नाही. भंडारा-गोंदियाच्या कितीतरी घरांत आजी आणि आई बिड्या वळत असत. कारखानदार मोठा, मध्ये ठेकेदार, आणि हजार बिड्यांवर मोजली जाणारी मजुरी. १९६६ मध्ये बिडी-सिगार कामगारांचा कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. ज्या बाईचे नाव नोंदले गेले आणि हातात ओळखपत्र आले, तिच्या मुलांना शिष्यवृत्ती मागता आली. जिच्याकडे कार्ड नव्हते तिने बिड्या तेवढ्याच वळल्या, पण सरकारच्या लेखी ती कामगारच नव्हती. काम तेच, बोटे तीच, फरक एका कागदाचा.

आजच्या दुकानातला मुलगा त्याच जागी उभा आहे. त्याचा हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, पगार रोख मिळतो. चार वर्षे काम केल्याचा पुरावा म्हणून दाखवायला मालकाच्या शब्दाशिवाय काही नाही.

कायदा कुठे चालला आहे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांनी २९ जुन्या कायद्यांची जागा घेतली. यातली वेतन संहिता किमान वेतनाचा हक्क सगळ्याच कामगारांना देते, दुकानात दोघे असोत की दोनशे. कामावरून काढले किंवा स्वतः राजीनामा दिला तर दोन कामकाजी दिवसांत पगाराचा हिशेब पूर्ण करावा लागतो. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही, एक वर्ष पुरते. या बाबी कामगाराच्या बाजूच्या आहेत आणि त्या पाठ असायला हव्यात.

दुसरी बाजूही पाहू. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यात बदल करायला मंजुरी दिली. आधी हा कायदा १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता, ती मर्यादा २० करण्याचे ठरले. रोजचे कामाचे तास ९ वरून १०, आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ तासांवरून १४४. व्यवसाय करणे सोपे व्हावे, हे कारण सांगितले गेले. भंडारा, तुमसर, साकोली किंवा पवनीच्या बाजारपेठेत फेरफटका मारा आणि २० कामगार असलेली दुकाने मोजा. एका हाताची बोटे पुरतील. भविष्य निर्वाह निधीची मर्यादाही २० कामगारांचीच आहे, ईएसआयची १० ची. म्हणजे आपली बहुतेक मुले जिथे काम करतात ती जागाच या संरक्षणाच्या बाहेर राहते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्तीने कायम चालणाऱ्या कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी याच भंडाऱ्यातून लढवली. त्या भंडाऱ्यात आज त्यांची नातवंडे रोज अकरा तास उभी राहतात आणि त्याला नोकरी म्हणतात, याची खंत आपल्याला वाटली पाहिजे.

अन्नाला लागणारा हात

या प्रश्नाला आपल्यासाठी आणखी एक बाजू आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे. पगार त्याच खात्यात जास्त होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. संविधानाच्या कलम १५ ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली केली, त्यामागे हाच इतिहास आहे.

आज आपला मुलगा गिऱ्हाईक म्हणून आत जातोच, शिवाय काउंटरच्या आत उभा राहून सगळ्यांसाठी अन्न तयार करतो. टोपी, हातमोजे, छातीवर फक्त पहिले नाव. गिऱ्हाईक आडनाव विचारत नाही. गावातल्या दुकानात "कोणाचा रे तू?" हा प्रश्न ऐकत मोठ्या झालेल्या मुलाला यात मोकळा श्वास घेता येतो. ही गोष्ट आम्ही लहान मानत नाही.

पण विटाळाची कल्पना संपली असेही समजू नका. २०१७ मध्ये पुण्यात एका उच्चशिक्षित बाईने स्वयंपाकीण बाईवर जात लपवल्याची पोलीस तक्रार केली होती. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी हिरव्या गणवेशाचे वेगळे डिलिव्हरी कामगार जाहीर केले, आणि टीका होताच गणवेशाचा वेगळेपणा मागे घेतला. गणवेश आडनाव झाकतो, पण हक्क देत नाही. हक्क नियुक्तीपत्र देते.

सहा प्रश्न

दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची कामगाराविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगल्या पदार्थात वाटा द्यावा, वेळच्या वेळी रजा द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजही नोकरी पारखायला पुरते. तिच्यावरून तरुणाने दोन्ही मालकांना हे विचारावे:

१. नियुक्तीपत्र मिळेल का? त्यावर पद, पगार आणि तास लिहिलेले असतील का? १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी ते द्यावेच लागते.

२. पगार बँकेत जमा होईल का? निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आणि ईएसआय क्रमांक कधी मिळेल? कापलेली रक्कम खरोखर जमा होते का, हे मोबाइलवर दर महिन्याला तपासता येते.

३. आठवड्याची सुट्टी कोणती? जादा तासांचे पैसे दुप्पट दराने मिळतात का?

४. आजारी पडलो, तेलाने भाजलो, तर खर्च कोण करणार? ईएसआयचा जवळचा दवाखाना कुठे आहे?

५. पाळी ठरलेली आहे की दर आठवड्याला बदलते? जो पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करतो, बार्टीच्या वर्गाला जातो किंवा मुक्त विद्यापीठातून पदवी करतो, त्याला सकाळचे चार तास रोज मिळणे हे हजार रुपयांपेक्षा मोठे आहे.

६. मूळ कागदपत्रे मागतात का? मूळ गुणपत्रिका आणि जातीचा दाखला कोणाकडेही ठेवायला देऊ नका. झेरॉक्स पुरते.

मुलींनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. रात्री साडेनऊनंतर काम करायचे तर स्त्रीची संमती लागते आणि सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची असते. रात्री घरी पोचवणार कोण, हे आधी ठरवून घ्या. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

आमचे मत

साखळी कंपनीचे दुकान असेल, नियुक्तीपत्र, निर्वाह निधी आणि ईएसआय मिळत असेल, आणि पाळी सांभाळून अभ्यास होत असेल, तर जा. पहिल्या वर्षी हातात कमी उरेल, तरी जा. नाव कागदावर येणे हीच मोठी कमाई आहे.

महामार्गावर सहा-आठ पोरांवर चाललेला कॅफे असेल, पगार रोख असेल आणि कागद काहीच नसेल, तर तो नव्या रंगाचा किराणाच आहे. दोन हजारांसाठी तिथे जाऊ नका. सध्याच्या मालकाशी पगार, तास आणि सुट्टीवर बोला. वेगळी नोकरी हातात असताना हे बोलणे जास्त जड ठरते.

आणि सध्याच्या दुकानात १० किंवा अधिक कामगार असतील, पाच वर्षे भरायला थोडेच महिने उरले असतील, तर थांबा. ९,००० पगारावर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी साधारण २५,९०० रुपये होते. तुमच्या घामाचे पैसे मालकाला सोडून येऊ नका. मात्र तुम्ही तिथे कामाला आहात याचा पुरावा आजपासूनच जमवा.

एकट्याने नोकरी बदलल्याने एकट्याचेच भागते. न्यूयॉर्कमध्ये २९ नोव्हेंबर २०१२ रोजी सुमारे दोनशे फास्ट फूड कामगार काम सोडून रस्त्यावर आले. लोक हसले होते. १ एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियात मोठ्या फास्ट फूड साखळ्यांच्या कामगारांचे किमान वेतन तासाला २० डॉलर झाले. ज्या कामाला सगळे "तोपर्यंतचं काम" म्हणत होते, त्याच कामाच्या लोकांनी हे घडवले.

भंडाऱ्यात सुरुवात लहान करता येईल. प्रत्येक विहारात एक वही ठेवू. वस्तीतला कोणता मुलगा, कोणती मुलगी कुठे कामाला आहे, किती तास, पगार किती, कागद आहे का, एवढेच लिहू. ती वही मालकांच्या किंवा बाहेरच्यांच्या हाती जाणार नाही याची काळजी घेऊ. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास त्यावर बोलू. सरकारी कामगार कार्यालयात एकटा मुलगा गेला तर त्याला उद्या ये म्हणतात. वीस जणांची लेखी माहिती घेऊन गेलो तर बसायला खुर्ची देतात.

त्या तरुणाला आम्ही हेच सांगितले. त्याने सहा प्रश्न मोबाइलमध्ये उतरवून घेतले आणि नागपुरातल्या मॅनेजरला विचारून येतो म्हणाला. उत्तर काय येते ते येऊ द्या. विहाराच्या वहीत पहिले नाव त्याने स्वतःच लिहिले आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.