प्रयोगशाळेतून : गुडमार – पाला की औषध?



भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की बॅगेतून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला निघतो, आणि बऱ्याचदा गुडमारच्या चूर्णाचा डबाही. 'साखर उतरते, वजनही उतरतं' अशी त्याची ख्याती.

गुडमार हा एक वेल. काही भागांत त्याला बेडकीचा पाला म्हणतात, संस्कृतात मधुनाशिनी. नाव सार्थ आहे. पान नीट चावा, चोथा थुंका आणि मग साखर तोंडात टाका : वाळू खाल्ल्यासारखी लागते! पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या पेशींना तेवढ्यापुरती अडवतात. अर्ध्या-पाऊण तासात जीभ ताळ्यावर येते. (मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा, फक्त श्रीखंडाच्या पंगतीआधी नको.) गोडाची वासना त्या वेळेपुरती कमी होते, हे खरं. पण गिळलेल्या कॅप्सूलचा जिभेला पत्ताही लागत नाही, आणि वजन उतरल्याचा भक्कम पुरावा मला तरी पटलेला नाही.

रक्तातल्या साखरेचं काय? १९९० साली मद्रासच्या संशोधकांनी प्रौढ वयात मधुमेह झालेल्या २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर या पानांचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम असा १८ ते २० महिने दिला. साखर उतरली आणि पाच जणांच्या गोळ्या बंद करता आल्या. रुग्ण थोडे, चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट नाहीत, त्यामुळे हा निकाल शेवटचा नव्हे. पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

माझी काळजी इथेच सुरू होते. चूर्ण काहीच करत नसतं तर फक्त पैसे वाया गेले असते. ते काम करत असेल, तर ग्लिपिझाइड, ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिनच्या जोडीला साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते : घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ. इथला डॉक्टर विचारतो, "आणखी काही औषधं घेता का?" आणि आजोबा प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी तो पाला आहे, औषध नव्हे! दुभाषी म्हणून शेजारी आपणच बसलेले असतो. तेव्हा डबाच बरोबर न्या. अशा वेळी मराठी भिडस्तपणा कामाचा नाही.

डब्यात काय आहे हाही प्रश्न आहेच. २००४ साली बॉस्टन परिसरातल्या भारतीय दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार अशा वस्तू 'पूरक आहार' म्हणून विकता येतात. गुण सिद्ध करून आधी मंजुरी घ्यावी लागत नाही. त्यामुळे लेबलावरच्या 'शुद्ध, नैसर्गिक' या शब्दांवर जाऊ नका.

ज्यांना इन्शुलिन लागतं त्यांनी ते या चूर्णाच्या भरवशावर एक दिवसही बंद करू नये. बाकीच्यांनी डॉक्टरांना सांगून सुरू केलं, तर पहिले काही आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी आणि आकडे तारखेसकट वहीत लिहावेत. शस्त्रक्रिया ठरली असेल तर तिथेही आधी सांगावं.

मेथीदाण्याबद्दल पुढच्या अंकात.