यंत्रमानव-मंडळानें शेजारीं काय न्यावें ?

हायस्कुलांतून हल्लीं यंत्रमानव-मंडळें निघूं लागलीं आहेत, आणि विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस त्या विषयाचें वेड लागलें आहे. तें वेड वाईट आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. शाळा सुटल्यावर चारपांच मुलें चाकें, मोटारी, तारा व पेचकस यांचा संसार मांडून बसतात, चालावयाचें यंत्र चालत नाहीं म्हणून एकमेकांशीं हुज्जत घालतात, आणि शेवटीं विज्ञानाच्या पुस्तकांतील जें प्रकरण परीक्षेपुरतें पाठ केलें होतें तेंच पुन्हां उघडून पाहतात. दहावीच्या तोंडावर हा खेळ कशाला, असें विचारणाऱ्या पालकांस एवढें उत्तर पुरे व्हावें. आमचा प्रश्न निराळा आहे.

हीं मंडळें आतां शाळेच्या खोलींतच बसून राहत नाहींत. शेजारच्या वस्तींत व इतर शाळांत जाऊन तीं प्रात्यक्षिकें दाखवितात. ही चाल बरीचशी अमेरिकेंतून आली. डीन केमन नांवाच्या संशोधकानें १९८९ सालीं तेथें 'फर्स्ट' ही संस्था स्थापिली. तिच्या मोठ्या सामन्यांत हायस्कुलांच्या तुकड्या आपापले यंत्रमानव घेऊन उतरतात. परंतु सर्वांत मानाचा पुरस्कार सामना जिंकणाऱ्या तुकडीस नव्हे, तर आपल्या समाजांत विज्ञानाची गोडी लावणाऱ्या तुकडीस दिला जातो. कल्पना थोर आहे, यांत शंका नाहीं. पण जेथें पुरस्कार आला तेथें हिशेबाची वहीही आली, आणि त्या वहींत किती शाळा झाल्या, किती डोकीं मोजलीं व किती छायाचित्रें घेतलीं एवढेंच भरलें जाऊं लागलें. अशा एका प्रात्यक्षिकास आम्ही हजर होतों. यंत्रमानवानें चेंडू उचलला, मुलांनीं टाळ्या वाजविल्या. पुढच्या रांगेंतील एका मुलीनें "हात लावूं का ?" असें विचारलें, तेव्हां उत्तर मिळालें, "नको, बिघडेल." वहींत त्या मुलीचीही गणना झाली असेल !

आमचें म्हणणें असें कीं, तें बिघडूं द्यावें. जें बिघडलें असतां शेजारच्या मुलांस दुरुस्त करतां येणार नाहीं, तें यंत्र शेजारीं नेऊंच नये. पैशावांचून हें कसें साधेल, अशी शंका कोणी घेईल. सरकारनें २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबची योजना चालविली आहे व तींत एकेका शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळतें, हें खरें. तरी आरंभ करण्यास तेवढ्याची गरज नाहीं. पुण्याचे श्री. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय. आय. टी. मधून शिकून टेल्कोंत लागलेले इंजिनियर. त्यांनीं आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर भूमितीच्या आकृति उभ्या केल्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाहीं, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. यंत्रमानवाचा सांगाडा कसा उभा करावा याचा पहिला धडा एवढाच आहे, व तो चाळीच्या गॅलरींत बसूनही घेतां येतो.

त्यांतून आपला शेजार म्हणजे घोडपदेव. येथें यंत्रविद्या नव्यानें आणून रुजवावयाची आहे, असें जो समजतो त्यानें हा भाग डोळे उघडून पाहिलेला नाहीं. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ सालीं निघाली ती जवळच भायखळ्यास. माटुंग्यास ती १९२३ सालीं गेली. रे रोडपलीकडे दारूखान्यांत मोडलेल्या जहाजांचें लोखंड विकलें जातें, आणि लोखंड कसें कापावें, कसें जोडावें हें ज्यांच्या हातास ठाऊक आहे अशीं माणसें गल्लोगल्लीं आहेत. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणणाऱ्या आमच्या मुलांनीं लेथवर काम करणाऱ्या एखाद्या मिस्त्रीसमोर तासभर उभें राहावें. दांता किती खोल कापावा हें तो मराठींतून सांगेल, इंग्रजी माहितीपत्रकाहून अधिक नीट सांगेल.

आणि गिरण्या ! फ्रान्समधील जॅकार या कारागिरानें १८०४ च्या सुमारास भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांनीं सांचा चालविण्याची युक्ति काढली. भोंक असेल तेथें ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तेथें तो खालींच राही, आणि पुठ्ठे बदलले कीं नक्षी बदले. पुढें इंग्लंडांत बॅबेज यानें आपल्या गणनयंत्रासाठीं हीच पुठ्ठ्यांची कल्पना घेतली. आमचीं मुलें संगणकावर जी आज्ञावली लिहितात तिची एक पूर्वज ही अशी सांच्यावर बसलेली आहे.

परंतु या भागास यंत्राची दुसरी बाजूही माहीत आहे. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० च्या नाटकांतून जगभर गेला. त्याच्या भाषेंत 'रोबोटा' म्हणजे वेठ. एका विणकरानें दोनऐवजीं तीन सांचे सांभाळावे, अशा योजनांविरुद्ध मुंबईच्या सुमारें दीड लाख गिरणी कामगारांनीं १९२८ सालीं सहा महिने संप केला. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत अडीच लाखांच्या आसपास कामगार होते, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंड पडल्या. घोडपदेवच्या न्यू हिंद मिलच्या जागेवर आज म्हाडानें गिरणी कामगारांसाठीं बांधलेल्या इमारती उभ्या आहेत. तेथें जाऊन "यंत्रमानव माणसाचें काम करील" असें आनंदानें सांगणाऱ्या मुलास एखादे आजोबा विचारतील, "कोणाचें काम ?" हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे, अनुभवाचा आहे; व त्यास उत्तर देण्याची तयारी मंडळानें घरूनच करून जावें.

उत्तर मिळण्यासारखें आहे. केरळांत तिरुवनंतपुरम् येथें २०१८ सालीं गटारांच्या भुयारांत उतरणारें 'बँडिकूट' नांवाचें यंत्र तरुण इंजिनियरांनीं कामास लावलें. हातानें मैला साफ करविण्यास बंदी करणारा कायदा २०१३ सालींच झाला होता, तरी माणसें आंत उतरत व गुदमरून मरत. यंत्र आल्यावर, पूर्वीं जे आंत उतरत त्यांनाच तें बाहेरून चालविण्याचें शिक्षण देण्यांत आलें. येथें यंत्रानें मरण घेतलें, भाकरी घेतली नाहीं. आमच्या मंडळांनीं चेंडू उचलणाऱ्या यंत्राबरोबर असें एखादें उदाहरणही मुलांपुढें मांडावें, आणि आपल्या वस्तींत कोणतें काम माणसाच्या अंगावरून उतरावें व कोणतें उतरूं नये, हें मुलांसच ठरवूं द्यावें. पाणी वर चढविणें, जिन्यावरून आजारी माणसास खालीं आणणें, लोखंडाच्या गोदामांतील ओझीं, असे विषय त्यांना सांगावे लागणार नाहींत.

जातां जातां एक गोष्ट. २००८ सालीं पुण्यास आशिया-पॅसिफिक भागांतील महाविद्यालयांची 'रोबोकॉन' स्पर्धा झाली, तिचा विषय आपली दहीहंडी हा होता. लालबाग-घोडपदेवच्या मुलांस थरांचें गणित कोणी शिकवावें !

येत्या सुटींत मंडळांनीं यंत्र घेऊन न जातां वही घेऊन जावें असें आम्ही सुचवितों. १९८२ सालीं जो पंचविशींतला सांचेवाला होता तो आज सत्तरीच्या घरांत आहे. धागा तुटला कीं सांचा कसा थांबवीत, धोटा अडकला तर आवाज कसा बदले, मोटार जळण्यापूर्वीं वास कसा येई, हें सर्व त्याच्याजवळ आहे, आणि त्यांतलें फारच थोडें कोणीं लिहून ठेवलें आहे.