वसुलीवाचून एक फेरी

नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन मोठी करण्यासाठी २०१५ साली बंद झाली. त्या मंद गाडीने सौंसरहून इतवारीस जाताना धान्याचे भाव कळत, तशीच सहप्रवाशांची सुखदुःखेही कळत. आता भाव भ्रमणध्वनीवर येतात. माणूस येत नाही. म्हणून साठी उलटल्यावर आम्ही नेम केला : जेथे वसुली नाही अशा एका घरी रोज पायी जावयाचे. व्यापारी बंधूंस हे सोपे वाटेल; करून पाहावे! गेल्या क्षमापनेस, आठ वर्षे अबोला धरलेल्या एका अडत्यांचा जिना चढताना आमचे पाय अडखळले. पायऱ्या अवघ्या अकरा. संदेश धाडूनही भागले असते. त्यांनी मात्र उठून हात धरला. “भाऊ, गुडघा कसा आहे?” जुना हिशेब तसाच राहिला, चहा दोनदा झाला.