नाणं खरं, कागद खोटा! ३१ कोटींचं रोमन नाणं ग्रीसला परत का गेलं?

सोन्याचं एक छोटंसं नाणं. वजन जेमतेम ८ ग्रॅम. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या एका लिलावात त्याला सुमारे ३२ लाख पौंड मिळाले, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास ३१ कोटी रुपये. तोपर्यंत कुठल्याही प्राचीन नाण्याला इतकी किंमत आली नव्हती.

अडीच वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या तपास यंत्रणांनी हेच नाणं ग्रीसच्या ताब्यात दिलं. लिलाव करणाऱ्या 'रोमा न्यूमिस्मॅटिक्स' कंपनीचा मालक रिचर्ड बील याला त्याआधीच, जानेवारीत अटक झाली होती. ऑगस्टमध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

यात गंमत अशी की नाणं नकली नव्हतं. अमेरिकेतल्या एका ग्रेडिंग कंपनीने ते तपासून उत्तम दर्जाचं ठरवलं होतं. खोटा होता तो त्याचा इतिहास सांगणारा कागद.

या नाण्यावर आहे तरी काय?

इसवी सनपूर्व ४४ मध्ये, १५ मार्चला ज्युलियस सीझरचा खून झाला. मारेकऱ्यांपैकी ब्रुटसने दोन वर्षांनी, सैन्यासोबत फिरताना हे नाणं पाडलं. एका बाजूला दोन खंजीर, मधे गुलामगिरीतून सुटलेल्यांना मिळणारी टोपी आणि खाली खुनाची तारीख. थोडक्यात, 'आम्ही मारलं आणि रोमला मोकळं केलं', अशी जाहिरातच. दुसऱ्या बाजूला मात्र ब्रुटसचा स्वतःचा चेहरा! जिवंतपणी नाण्यावर स्वतःची छबी छापली म्हणून सीझरवर लोक चिडले होते, हे तो सोयीस्कर विसरला असावा. त्याच वर्षी ग्रीसमधल्या फिलिपीच्या लढाईत हरल्यावर त्याने आत्महत्या केली.

चांदीत अशी नाणी बरीच आहेत. सोन्यातली फक्त तीन माहीत आहेत आणि हे तिसरं.

मग घोळ कुठे झाला?

जुन्या वस्तूच्या बाजारात एक प्रश्न महत्त्वाचा असतो: ही वस्तू याआधी कुणाकुणाकडे होती? या नाण्याबाबत उत्तर दिलं गेलं की ते एका स्विस सरदाराच्या जुन्या संग्रहातलं आहे. तपासात ही मालकीची साखळी बनावट निघाली. नाणं ग्रीसमधून चोरून बाहेर काढलेलं होतं, असं तपास यंत्रणांचं म्हणणं आहे.

नाणं खरं आहे की नकली, हे तज्ज्ञ धातू, वजन आणि ठसा पाहून सांगू शकतात. ते कुणाच्या जमिनीतून निघालं, हे नाण्यावर लिहिलेलं नसतं.

छोट्या संग्राहकांचं काय?

३१ कोटींचं प्रकरण बातमीत येतं. खरा व्यवहार खूप खालच्या पातळीवर चालतो. रोमन साम्राज्याने शतकानुशतकं अफाट नाणी पाडली. त्यामुळे कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, १७०० वर्षं जुनं तांब्याचं नाणं आज युरोपात काही पौंडांत मिळतं. एवढ्याशा वस्तूचे कागद कोण ठेवणार आणि कोण मागणार? चोरीचा माल नेमका याच गर्दीत मिसळतो. बहुतेक संग्राहक प्रामाणिक असतात हे मान्य, पण त्यांनी कागद मागितलेच नाहीत तर विकणारा ते ठेवेल कशाला?

आणि नुकसान फक्त पैशाचं नाही. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या फ्रोमजवळ एका हौशी शोधकाला मेटल डिटेक्टरने एक मडकं सापडलं. त्याने ते स्वतः उपसलं नाही, पुरातत्त्व तज्ज्ञांना बोलावलं. आत ५२,५०३ रोमन नाणी होती. ती थराथराने काढल्यावर दिसलं की सर्वांत उशिराची बहुतेक नाणी वर नव्हे, मधल्या थरात आहेत. म्हणजे हा गल्ला वर्षानुवर्षं भरला गेला नव्हता, नाणी एकाच वेळी ओतली होती. मडकं रातोरात उपसून नाणी सुटी विकली असती, तर हे कधीच कळलं नसतं. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे संग्रहालयाने ३,२०,२५० पौंड मोजून हा ठेवा घेतला आणि ती रक्कम शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटली गेली.

भारताचा यात काय संबंध?

बराच आहे. भारतीय मालासाठी दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन चलन) बाहेर जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच केली होती. ते सोनं-चांदी दक्षिण भारतात आजही सापडतं, विशेषतः तमिळनाडूत कोइम्बतूरच्या परिसरात.

पण सापडलं म्हणून ते आपलं होत नाही. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा मिळाला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. (हो, रक्कम अजूनही १० रुपयेच आहे.) शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. 'घरातलं जुनं नाणं परदेशी ग्राहकाला विका, लाखो कमवा' असं सांगणाऱ्या रीलमध्ये हा भाग गाळलेला असतो.